अल्प परिचय

संस्थेच्या कार्यालयातून कागद आलाय:
बाई निवृत्त होतायत, परिचय लिहून द्या, दीडशे शब्दांत.
जन्म, कुटुंब, कारकीर्द, छंद.
अकरा वर्षं त्यांच्या काचपट्ट्या मी धुतल्या,
म्हणून हे माझ्या गळ्यात.

नाव माइमू लेप्पिक.
लेप्पिक म्हणजे आल्डरची राई.
आल्डरचा परागकण पाच कोपऱ्यांचा,
भिंगाखाली दिसला की बाई पुटपुटतात, "आले घरचे,"
आणि वहीत एक रेघ मारतात.
चाळीस वर्षं रेघाच मारत आल्या,
चार उभ्या, पाचवी आडवी.
दलदलीच्या पोटातून काढलेल्या काळ्या गाळात
कधीकाळी कोणतं झाड फुललं होतं, त्याचा हिशेब.
मे महिन्यात बर्च फुलतो आणि बाईंना शिंका सुटतात.
सलग सतरा. मी मोजल्यात,
ही खोड त्यांचीच लागली.

जन्म: एकोणीसशे एक्कावन्न, ओम्स्ककडचं एक खेडं.
तिथे का, ते रकान्यात मावत नाही.
वडील भट्ट्या बांधायचे. ते तिकडेच राहिले, मातीत.
सहा वर्षांच्या पोरीला घेऊन आई परतली
तेव्हा घराच्या माजघरात सामूहिक शेतीची घोडी.
आईने म्हणे दाराशी थांबून घोड्यांनाच विचारलं,
येऊ का आत?

नवरा ऊनो, तार्तूत बस चालवायचा.
बाईंचा प्रत्येक निबंध तो शेवटून उघडायचा,
आभारांत आपलं नाव आहे एवढं बघायचा,
घडी घालून सीटखाली ठेवायचा.
तो गेल्यावर बसमधून एकोणतीस निबंध निघाले,
ग्रीसच्या बोटांसकट.
मुलगी फिनलंडला. रविवारी फोन.

कारकीर्द.
एकोणनव्वद साली हालिकसूच्या दलदलीतून
त्यांनी मीटरभर गाभा उपसला.
वरून सव्वीस सेंटीमीटरवर राय मोजत होत्या:
चौदा. तेरा. पंधरा.
एक.
मग नुसता बर्च, बर्च आणि बर्च,
नांगर विसरलेल्या वावरात माजतो तसा.
बाई उठल्या, चहा केला, प्यायल्या नाहीत.
निबंधात लिहिलं, शतकाच्या मध्यास लागवड घटली,
कारणे सामाजिक.
ते दोन शब्द ऊनोनेसुद्धा वाचले नाहीत.

त्या रविवारी आईला प्रयोगशाळेत आणलं.
डोक्याचा रुमाल न सोडता म्हातारी भिंगावर वाकली,
बराच वेळ तिला स्वतःच्या पापण्याच दिसत होत्या.
मग म्हणाली, "ही पंधरा कधीची?"
"एकोणपन्नासच्या उन्हाळ्यातली असावीत."
"आम्हाला मार्चमध्ये नेलं."
"हो."
"सप्टेंबरात पेरून ठेवली होती आम्ही.
म्हणजे फुलली ती. बघायला कुणी नसलं तरी."
पुन्हा वाकली.
"पण आपलीच कशावरून? पलीकडे प्रीडिकचं रान होतं.
वारा कुठून होता, सांगता येतं तुला?"
साडेतीन हजार वर्षांचं रान सांगणाऱ्या बाईंना
तेवढं काही सांगता आलं नाही.

ही हकीकत मला त्यांनी भांडी घासता घासता सांगितली,
पाठमोऱ्या. पुन्हा कधी विषय नाही.
दीडशे शब्द केव्हाच संपले, माहितीय मला.

छंद: विणकाम.
हातमोज्यांवर इथे सगळ्याजणी चांदण्या विणतात, हरणं विणतात.
बाई पराग विणतात.
पाइनच्या कणाला दोन फुगे, लिंडेन चपटा,
राय लांबट, एका टोकाकडे एकच भोक.
माझ्या जोडीवर राय आहे, डाव्यावर आठ, उजव्यावर सात.
कागद घेऊन आलेल्या कारकुनाने ते हातमोजे पाहिले,
म्हणाला, वा, बटाटे!
मी दुरुस्त करणार होते.
बाई म्हणाल्या, "राहू दे,
बटाटेही लावायचो आम्ही. बांधाकडेला."